आमची वाटचाल : चिप गेली, बोर्ड राहिला

२०१३ साली भोसरीतल्या दोन खोल्यांतून आम्ही पहिला एफपीजीए बोर्ड विकला. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं घडवता येणारी चिप (आयसी). त्यावर स्पार्टन-६ मालिकेतली एलएक्स९ ही चिप होती, १४४ पायांची. ती मुद्दाम निवडली, कारण पाय बाहेर दिसतात. भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात ते) लावून सोल्डरिंग आयर्नचं टोक एका ओढीत फिरवलं की एक बाजू पूर्ण होते. घरी बसून शिकणाऱ्यालाही ही चिप बदलता येते. पुढची सात वर्षं बरी गेली.

२०२१ च्या उन्हाळ्यात डिस्ट्रिब्युटरने या चिपसाठी ५२ आठवड्यांची मुदत सांगितली. आमच्याकडे ११ आयसी उरल्या होत्या आणि सांगलीच्या पॉलिटेक्निकमधल्या सरांचे २५ बोर्डांचे पैसे आगाऊ आले होते. हे सर आमचं पहिलं गिऱ्हाईक. आमच्या बोर्डावर आमचं नाव छापलेलं नव्हतं, तेव्हापासूनचं.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने "माल तयार आहे" म्हणून सांगितलं. भाव तिप्पट आणि सगळी रक्कम आधी. सरांचे पैसे त्यात घालून ६० आयसी घेतल्या. पहिला बोर्ड भरला, केबल लावली, तर आयडीकोड (चिपच्या आतला ओळख-क्रमांक) एलएक्स४ या धाकट्या चिपचा आला. पाय जुळतात, पण आतलं लॉजिक निम्म्याहूनही कमी. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर काळा रंग बोळ्यावर उतरला आणि खालून जुनी पुसट अक्षरं दिसली. साठच्या साठ तशाच. व्यापाऱ्याने पावतीवर नुसतं 'आयसी ६० नग' लिहिलं होतं, पार्ट नंबर नाही. फोनवर म्हणाला, "माल बघून घेतलात ना?" ते पैसे आजवर आलेले नाहीत. त्या महिन्यात कामावरच्या दोन मुलांचे पगार बायकोचे दागिने गहाण टाकून केले. हे मी विसरणार नाही.

सरांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "बोर्ड कधी देता ते तुमचं तुम्ही बघा. पण माझी प्रॅक्टिकलची वही बदलायला लावू नका." त्या एका वाक्यावर नवा बोर्ड उभा राहिला. दोन्ही हेडर (तारा जोडायच्या पिनांच्या रांगा), एलईडी, स्विच, सेव्हन सेगमेंट जागच्या जागी ठेवायचं. आत काय बदलेल ते बदलेल.

या वेळी स्कीमॅटिकच्या (सर्किटच्या आराखड्याच्या) आधी स्टॉकच्या याद्या उघडल्या. गोविन कंपनीची जीडब्ल्यू१एनआर-९ ही एफपीजीए मिळत होती. ८६४० एलयूटी (लॉजिकचे छोटे घटक), सर्किटची माहिती साठवणारी फ्लॅश आतच, शिवाय ६४ मेगाबिट पीएसरॅम ही मेमरी. त्यामुळे बाहेरची कॉन्फिगरेशन फ्लॅश वाचली. यूएसबीची एफटी२२३२ ही आयसी कुठेच नव्हती, म्हणून तिच्या जागी आरपी२०४० हा मायक्रोकंट्रोलर बसवून जेटॅगचं (चिपमध्ये सर्किट भरायच्या जोडणीचं) फर्मवेअर स्वतः लिहिलं. नव्या चिपला पाय ८८ च, तेव्हा व्हीजीए (मॉनिटरची जोडणी) काढून टाकला. वाईट वाटलं.

चिपच्या पिनांचे गट असतात, त्यांना बँक म्हणतात. पहिल्या प्रोटोत (नमुना बोर्डात) बँक ३ च्या काही पिना हेडरवर काढल्या होत्या. आतल्या पीएसरॅममुळे ती बँक १.८ व्होल्टवर चालते आणि सरांची सगळी जोडकामं ३.३ ची! पुन्हा रूटिंग केलं. हेडरच्या जोडण्या दुसऱ्या बँकांवर नेल्या, एलईडी आणि स्विचच्या बँक ३ वर आणल्या. दुसरा त्रास सोल्डरिंगचा. या आयसीच्या पोटाखाली मोठं पॅड असतं. तिथे स्टेन्सिलला (सोल्डर पेस्ट लावायच्या भोकं पाडलेल्या पत्र्याला) एकच मोठा चौकोन कापला की पेस्ट जास्त होते, आयसी तरंगते आणि कडेचे पाय अर्धवट बसतात. आम्ही त्या चौकोनाच्या नऊ खिडक्या केल्या. त्यानंतरच्या खेपेत एकही बोर्ड परत आला नाही.

नव्याने बोर्ड काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे. मुख्य आयसी दोन ठिकाणी स्टॉकमध्ये असल्याशिवाय लेआउटला हात लावू नका. रेग्युलेटरसाठी (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीसाठी) दोन फूटप्रिंट, म्हणजे बोर्डावरचे सोल्डरचे ठसे, एकात एक काढा, जागा जाते तितकीच. आणि पावतीवर पार्ट नंबर लिहून घ्या, समोरचा कितीही ओळखीचा असो.

पाच महिन्यांनी २५ बोर्ड सांगलीला मी स्वतः घेऊन गेलो. सरांनी वही उघडून ट्रॅफिक सिग्नलचं प्रॅक्टिकल लावलं. कोणता सिग्नल कोणत्या पिनेवर ते सांगणाऱ्या जुन्या यूसीएफ फाइलच्या जागी आमची सीएसटी फाइल घातली, सर्किट लिहायच्या व्हीएचडीएल भाषेतली एक ओळही बदलावी लागली नाही. लाल, पिवळा, हिरवा ओळीने लागले. सरांनी वहीत पिनांच्या तक्त्याखाली नवी तारीख घातली आणि पुढचं प्रॅक्टिकल लावायला घेतलं.

त्या साठ आयसी अजून माझ्या खणात आहेत. नवा मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात त्यातली एक आणि अ‍ॅसिटोनचा बोळा देतो.