धपाट्याचा डबा आणि मालकंस

गाणं ऐकायला आम्ही संभाजीनगरला गेलतो हे बीडमध्ये आता सगळ्यांना माहितीये, पण कोण गायलं, काय गायलं हे एकानंही विचारलेलं नाही. भाजीवाला विचारतो गाडीची काच कोणती फोडली, मागची का बाजूची. शेजारच्या काकू विचारतात लॅपटॉप नवा होता का. ऑफिसातले तर एकेक जण आपल्या साडूची, मेव्हण्याची, नाहीतर पुण्यातल्या कुणाची तरी फोडलेली गाडी काढून बसायलेत, म्हणजे माझी गोष्ट राहते बाजूलाच. म्हणून म्हटलं आधी गाणं लिहून टाकावं, काच नंतर.

तर गाणं होतं सोनेरी महालाच्या आवारात. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, डोंगराच्या पायथ्याला सतराव्या शतकात एका बुंदेला सरदारानं बांधलेला महाल आहे हा, आतल्या सोनेरी रंगकामामुळं नाव पडलं, आता सोनं शोधायला गेलात तर पुसट खुणांवर भागवावं लागतं. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी वेरूळला लेण्यांपाशी व्हायचा तो नंतर इथं आला, आणि फेब्रुवारीच्या संध्याकाळी महालावर दिवे सोडले की वाटतं बरं झालं आला.

सोबत बायको, दाजी आणि आप्पा. आप्पा म्हणजे आमच्या कॉलनीतले रिटायर्ड संगीत शिक्षक, शास्त्रीय गायक नाथराव नेरळकरांना समोर बसून ऐकलेला माणूस, 2021 मध्ये नाथराव गेले तेव्हा कितीतरी दिवस यांनी पेटीचं झाकण उघडलं नव्हतं. अशा माणसाशेजारी बसायचा फायदा असा की गाणं सुरू व्हायच्या आधीच सुरू होतं. गायिका तानपुरे लावून घेत होती, लोक अजून खुर्च्या ओढायलेत, फोनवर ‘आम्ही डाव्या बाजूला आहोत’ चाललंय, आणि आप्पांनी कोपर मारलं, ‘मध्यमाला लावायलीय बघ. मालकंस.’ मालकंस रागात रिषभ नाही, पंचम नाही, पाचच स्वर, म्हणून तानपुऱ्याची पंचमाची तार खाली मध्यमावर आणतात. मला हे ऐकून माहीत होतं पण तार उतरताना समोर बघणं वेगळं. तिनं खुंटी पिळली, मान वाकडी करून ऐकलं, परत पिळली, मग मणी अगदी केसभर सरकवला आणि एकदम दोन्ही तानपुरे असे काही घुमायला लागले की फोनवाले आपोआप गप्प झाले.

मग विलंबित एकताल, म्हणजे एकदम संथ लय. बाईंनी घाई म्हणून केली नाही. मध्यमावर येऊन थांबायचं, खाली कोमल गंधाराला नुसता हात लावायचा, परत मध्यम. दाजींना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, ते आले होते ड्रायव्हिंगला, पण त्यांनी सुद्धा मोबाईल खिशात घातला. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाल्यावर तबलेवाल्यानं समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, असा काही येऊन पाय रोवला की मागच्या रांगेतला कुणीतरी मोठ्यानं ‘आयला’ म्हणाला, वाह वाह पेक्षा मला ते खरं वाटलं.

एकच गोष्ट आप्पांना खटकत होती. मालकंस हा मध्यरात्रीनंतरचा राग, तिसऱ्या प्रहरातला, आणि इथं तो रात्री साडेआठला. पण उघड्यावर रात्री 10 नंतर स्पीकर लावता येत नाही, 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. त्यामुळं उघड्यावर बाराच्या पुढचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे दिवस गेले. पावणेदहाला भैरवी झाली, दहाला माईक बंद.

आता काच. पार्किंग भरलं होतं म्हणून गाडी लांब एका गल्लीत लावलेली. दाजी पुढं गेले आणि तिथनंच ओरडले. मागच्या दाराची काच नव्हती. समोरची काच दोन थरांत प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, तडकली तरी जागेवर राहते, पण दाराची टफन काच एका ठोशात अख्खीच खाली येते. सीटभर खडीसाखर सांडल्यासारखे तुकडे पडले होते. गेलं काय, तर दाजींचा लॅपटॉप आणि धपाट्याचा डबा. आप्पांची पिशवी त्यानं उलटी करून बघितली, आतल्या बंदिशींच्या वह्या मात्र तशाच सीटवर सोडल्या, याचं आप्पांना बरं वाटलं का वाईट हे मला अजून कळलेलं नाही.

लॅपटॉपसाठी बायको हळहळली, पण रडली डब्यासाठी. स्टीलचा, तीन पुडाचा, झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेला. पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी तो नीट लिहून घेतला, आणि आत काय होतं विचारलं. धपाटे. ते लिहायचं का नाही यावर जरा चर्चा झाली. विम्याचं म्हणाल तर काचेला घसारा लागत नाही पण सक्तीचे 1000 आपले आपण भरायचे, वर नो क्लेम बोनस जातो, आणि गाडीतल्या सामानाशी त्या पॉलिसीचा काही संबंध नसतो. डबा तर कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही.

कागदं होईपर्यंत बारा वाजून गेले. काचेच्या जागी प्लास्टिक, चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि निघालो. आडूळच्या पुढं प्लास्टिक फडफडायला लागलं, थंडी सरळ कानात. मफलर गुंडाळून बसलेले आप्पा पाचोडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. शहागडला गोदावरीच्या पुलावर आलो तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं, दोन वाजले होते, म्हणाले ‘ही खरी वेळ’ आणि मध्यम लावला. सत्तरी ओलांडलेला गळा, थंडीनं बसलेला, मधेच खोकला. संध्याकाळच्या गाण्याशी त्याची बरोबरी नाही, उगाच कशाला म्हणू. पण गेवराईचे दिवे दिसेपर्यंत ते गात होते, दाजींनी न सांगता स्पीड कमी केला, आणि बायको म्हणाली आप्पा भूक लागली का हो, आणि मग तिला परत डबा आठवला.

परवा आप्पा घरी आलते. एप्रिलमध्ये आणखी एक कार्यक्रम आहे म्हणे, येणार का विचारत होते. काचेचं काही बोललेच नाहीत, बहुतेक विसरले. बायकोनं नवा डबा आणलाय. ती म्हणाली येऊ की, पण डबा मी मांडीवर घेऊन बसणार, आणि आप्पा म्हणाले बस, फक्त विलंबित चालू असताना झाकण उघडू नको.