चाळिशीनंतर गुलाल नाही

स्लायडर चाळीसवर नेला आणि गुलाल नाहीसा झाला.

फोटो विसर्जन मिरवणुकीचा. लक्ष्मी रोड, रात्र बरीच झालेली, ट्रॅक्टरवरच्या हॅलोजनचा पोचेल तेवढाच उजेड, बाकी काळोख. कार्यकर्त्यांच्या डोक्यावर गुलाल उधळलेला, आणि त्या गुलालात कॅमेऱ्याने आपल्या पदरचे लाल-हिरवे-निळे ठिपके मिसळून दिलेले. ह्यातला गुलाल कुठला आणि ठिपके कुठले हे मला अजून सांगता येतं, कारण मी तिथे होतो आणि पुढे कितीतरी दिवस कानातून गुलाल काढत होतो. फोटोतले ठिपके पुसणारा संगणकातला फिल्टर, ज्याचा तो स्लायडर, तिथे नव्हता. त्याने सरसकट झाडू मारला. माणसं नुकतीच अंघोळ केलेली, कुर्ते परीटघडीचे, हवा महाबळेश्वरची. अशी मिरवणूक पुण्यात खरोखर निघाली असती तर दुसऱ्या दिवशी वाचकांच्या पत्रव्यवहारात तिचं कौतुक छापून आलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी त्या कौतुकावर हरकत.

गुरुवारची दुपार होती, म्हणजे लाईट जाणार हे गृहीत. लॅपटॉप सकाळीच चार्ज करून ठेवलेला, डोक्यावरचा पंखा बंद, समोरच्या सोसायटीचा जनरेटर चालू. अशा वेळी शहाणी माणसं झोपतात. एक ते चार झोपण्यावरून जगाने आपली चेष्टा करून झाली आहे, तेव्हा आता निर्धास्त झोपायलाही हरकत नाही. मी मात्र त्या वेळात जुने फोटो उघडून त्यांच्यावर फिल्टर टेस्ट करतो. साफ करतो असं म्हणवत नाही, कारण साफ केलेला फोटो माझ्या हातून सहसा सेव्ह होत नाही. ‘झाला का एखादा?’ असं बायको जाता जाता विचारते. ‘बघतोय,’ मी म्हणतो. तीही पुढे काही विचारत नाही.

ठिपक्यांशी आमच्या पिढीची ओळख जुनी. टीव्हीवर मुंग्या यायच्या. अँटेना सिंहगडाकडे तोंड करून बसवायचा, कारण टॉवर गडावर. पण वाऱ्याने किंवा कावळ्याने त्याचं तोंड फिरायचं आणि पडदाभर मुंग्या. मग बाबा पत्र्यावर, मी गॅलरीत, ताई टीव्हीसमोर. ताई म्हणायची ‘आलं’, मी ओरडायचो ‘आलं!’, आणि बाबांपर्यंत ते पोचेपर्यंत त्यांनी अँटेना आणखी थोडा फिरवलेला असायचा, म्हणून ते गेलेलं असायचं. ‘गेलं!’ ‘अरे आत्ता तर आलं म्हणालास!’ असा संवाद अख्ख्या आळीने ऐकलेला आहे. शेवटी बाबा जिथे थकायचे तिथे अँटेना कायम व्हायचा आणि उरलेल्या मुंग्यांसकट मॅच बघायची.

त्या मॅचमध्ये चेंडू कुणालाच दिसत नसे. बॅट फिरलेली दिसायची, मग कॅमेरा कुठेतरी धावायचा आणि समालोचकाच्या आवाजावरून चौकार की झेल ते कळायचं. पण बाबांना चेंडू दिसायचा. ‘बाहेर जात होता, उगाच छेडला,’ हे ते इतक्या खात्रीने सांगायचे की शेजारचे आजोबाही चष्मा पुसून ‘हो, थोडा बाहेरच होता’ म्हणायचे. पुढे केबल आली. चित्र लख्ख झालं, चेंडू सगळ्यांना दिसायला लागला, आणि बाबांनी मॅचवर बोलणं जवळजवळ सोडलं.

डिजिटल कॅमेऱ्यातल्या मुंग्या जरा वेगळ्या. आमचा पहिला कॅमेरा खिशात मावणारा, पाच मेगापिक्सेलचा. तसल्या कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद आणि सव्वाचार उंच असायचा. मोठ्या, फुल-फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्यात तोच ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३५ पट. एवढ्याशा जागेत पन्नास लाख पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले. एकेकाच्या वाट्याला उजेड येणार तो किती! आणि उजेडही सलग येत नाही, सुटा सुटा येतो. त्या सुट्या कणांना फोटॉन म्हणतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर कधी ९० पडतात, कधी ११०. दहा टक्के इकडे-तिकडे ठरलेलंच. १०,००० पडणार असतील तर फरक १०० च्या आसपास, म्हणजे एक टक्का. म्हणून उन्हातला फोटो स्वच्छ आणि चाळीसच्या बल्बखालचा दाणेदार. ह्यात कॅमेऱ्याचा दोष अर्धाच, बाकीचा उजेडाचा स्वभाव. आयएसओ, म्हणजे अंधारात फोटो उजळ करायचं कॅमेऱ्याचं बटण, वाढवला म्हणजे फोटॉन वाढत नाहीत, आले तेवढ्यांचाच आवाज मोठा होतो.

रंगाची गंमत तर त्याहून मोठी. १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायर यांना ज्या जाळीचं पेटंट मिळालं, ती जाळी अजून बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बसलेली असते. निम्म्या पिक्सेलना हिरवं दिसतं, पावभागाला लाल, पावभागाला निळं. प्रत्येकाला एकच रंग ठाऊक. उरलेले दोन आजूबाजूला पाहून भरायचे. म्हणजे आपल्या रंगीत फोटोतला दोन तृतीयांश रंग मुळात अंदाजपंचे असतो. हे वाचल्यापासून मी लग्नाच्या अल्बममधल्या शालूंच्या रंगावरून होणाऱ्या वादात पडत नाही.

तर फिल्टर. मीडियन हा त्यातला जुना, सरळ गडी. एक पिक्सेल घ्यायचा, त्याच्या भोवतीच्या आठ शेजाऱ्यांना विचारायचं, नऊ जणांना चढत्या क्रमाने उभं करायचं आणि बरोबर मधल्याची किंमत ह्याच्या गळ्यात बांधायची. आमच्या वाड्यात हेच चालायचं. कुणाच्या मुलाने केस वाढवले, कुणाच्या सुनेने रात्रपाळीची नोकरी धरली, की भोवतीची बिऱ्हाडं मिळून त्याला मधल्या मापात आणून बसवायची. एकटाच उसळणारा ठिपका ह्या पद्धतीने हमखास गप्प होतो. पंचाईत अशी की एकटं, बारीक, पण खरंच असलेलंही त्याच्याबरोबर जातं. नाकातली चमकी जाते. पापणीचा केस जातो. गुलाल गेला तो असाच.

१९९८ साली बायलॅटरल फिल्टर आला. हा म्हणतो, शेजारी आहे एवढ्यावर विचारू नका. जवळचा असून रंगानेही आपल्यातला असेल तरच त्याचं मत धरा. त्यामुळे कडा शाबूत राहतात, भिंत भिंतीशी बोलते आणि साडी साडीशी. वाड्यात हेही चालायचं, पण त्यावर जास्त बोलायला नको. २००५ चा नॉन-लोकल मीन्स तर शेजाऱ्यांना विचारतच नाही. तो लांब लांब हिंडून आपल्यासारखीच दिसणारी बिऱ्हाडं शोधतो आणि त्यांची सरासरी काढतो. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं ह्याच तत्त्वावर चालत असावीत. परिणाम देखणा, पण हिंडण्यात वेळ जातो. लॅपटॉप तापतो, त्याचा पंखा घोंघावायला लागतो आणि गुरुवारची बॅटरी बघता बघता निम्मी.

माझा एक मित्र लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. त्याला हे सगळं पाप वाटतं. फिल्मवरचे दाणे म्हणजे चांदीच्या क्षारांचे स्फटिक, त्यांना हात लावायचा नाही, हा त्याचा धर्म. डिजिटल नॉइजला, म्हणजे आपल्या ह्या ठिपक्यांना, तो दाणे म्हणू देत नाही. ‘ते दाणे नाहीत, पुरळ आहे.’ हे म्हणून झाल्यावर तो स्वतः काय करतो? मोबाईलवर काढलेला गुळगुळीत फोटो संगणकावर घेतो आणि त्यावर खोटे दाणे पेरतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याचाही स्लायडर असतो. दाणे काढायचा एक, घालायचा एक. आणि ही करणी फक्त आमच्या मित्राची नाही. एव्ही१ नावाचं व्हिडिओचं तंत्र आहे, त्यात सोयच अशी आहे की पाठवताना सिनेमातले दाणे काढून घ्यायचे, कारण दाण्यांना डेटा फार लागतो. मग दाणे साधारण कसे होते एवढंच वर्णन सोबत धाडायचं आणि बघणाऱ्याच्या घरी नवे दाणे पाडायचे. मूळ दाणे कुठे गेले, विचारू नये.

ह्याआधी टचिंग होतं. स्टुडिओत फोटो काढला की फोटोग्राफर विचारायचा, ‘टचिंग करून देऊ का?’ म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करून सुरकुत्या, व्रण, देवीचे वण बुजवायचे. आजी पासबुकासाठी फोटो काढायला गेली तेव्हा तिलाही विचारलं. ती म्हणाली, ‘कशाला? अजून हार घालायचा नाहीये.’ फोटोग्राफर वरमला. खरं तर तिचं बरोबर होतं. आमच्या घरात भिंतीवर लागलेला प्रत्येक माणूस टचिंग केलेला आहे. खापरपणजोबांच्या चेहऱ्यावर तर चेहराच फार थोडा शिल्लक आहे.

परवा टेस्टला घेतला तो आजोबांच्या पंचाहत्तरीचा फोटो. साल २००६, सदाशिव पेठेतला वाडा, माजघर. वाडा पुढे बिल्डरकडे गेला, ते सगळ्यांच्याच वाड्यांचं झालं. फोटोत मधोमध आजोबा पाटावर, शाल, कपाळावर गंध, ओवाळायला वाकलेल्या आत्या. एवढा भाग ठीक आहे, निरांजनाचा आणि बल्बचा उजेड तिथे पोचलाय. पण फिल्टर टेस्ट करणारा माणूस उजेडात बघत नाही. नॉइज राहतो अंधारात, म्हणून मीही दोनशे टक्के झूम करून अंधारात राहतो. मला आजोबांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या मागची कॉटखालची जागा जास्त पाठ आहे. तिथे एक हंडा आहे, एक गुंडाळलेली सतरंजी, आणि कुणाची तरी एकच चप्पल, जी माजघरात यायलाच नको होती.

आणि मागे स्वयंपाकघराचं दार. त्या दारात कुणीतरी उभं आहे.

स्लायडर शून्यावर असताना ती बाई वाटते. पदर खोचलेला, हातात बहुधा ताट. वीसवर नेला की पदर जातो, नुसता उंचवटा राहतो. चाळीसवर दार आहे आणि दारात अंधार आहे, बस. मी स्लायडर मागेपुढे करत राहिलो. रात्रीचे सोळा फोटो एकापाठोपाठ काढून त्यांची सरासरी घेतली तर नॉइज चौथाईवर येतो. आजचे मोबाईल रात्री गुपचूप तसलंच काही करतात. पण २००६ मध्ये आमच्या नातेवाइकांना एका क्लिकपुरतं गप्प उभं करणं हीच मोठी कामगिरी होती. तेव्हा जे आहे ते एकाच फोटोत आहे.

तेवढा तुकडा कापून घरच्या ग्रुपवर टाकला. ‘कोण आहे हे?’

मोठी काकू, असं बाबा म्हणाले, ताबडतोब, चेंडू बाहेर जात होता त्याच खात्रीने. काकूंनी लिहिलं की त्या दिवशी त्या पुढच्या खोलीत पानं वाढत होत्या आणि हे कुणाच्याच लक्षात नसणार हे त्यांना माहीत होतं. ह्यावर ग्रुप काही वेळ शांत. ताई म्हणाली, ‘अरे, तो दारामागचा रेनकोट आहे.’ तिला रेनकोटचा रंगही आठवत होता. एका मामांनी नुसतेच हात जोडलेले टाकले. आचाऱ्याची मदतनीस, वरच्या मजल्यावरच्या बाई, आणि (हे कुणी सुचवलं ते लिहीत नाही) आजी, जी तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती, अशी नावं येत राहिली.

मग चुलतभावाने तो तुकडा त्याच्याकडच्या एआयवाल्या कुठल्याशा अ‍ॅपमधून काढून पाठवला. पाच सेकंदांचं काम. एकही दाणा नाही. दारात एक बाई उभी, पस्तिशीची, केस चापून बसवलेले, कानात कुड्या, अगदी बारीक हसतेय. पदराच्या काठाची वीणसुद्धा मोजता यावी. हातात ताट नाही. छान बाई होती, तक्रार काहीच नाही, पण ती आमच्याकडची कुणीच नव्हती.

चुलतभावाने खाली हसण्याचे इमोजी लावले. आणखी दोघा-तिघांनी लावले. आत्याने मात्र तो फोटो मोठा करून नीट बघितला असावा, कारण तिचं उत्तर उशिरा आलं.

‘ही कोण? हिला बोलावणं कुणी केलं होतं?’

ती थट्टा करत नव्हती. पंचाहत्तरीच्या आमंत्रणांची यादी तिनेच केली होती.