आमची वाटचाल : थळ घाट ते पांबन

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे रेल्वेची चालती मॉडेल्स बनतात. सुरुवात अर्थातच थळ घाटापासून झाली. नाशिकच्या शाळांना आणि इंजिनिअरिंग कॉलेजांना कसारा-इगतपुरीच हवा असायचा. १८६५ साली खुला झालेला हा घाट, चढ ३७ ला १. मॉडेलच्या भाषेत दर मीटरला २७ मिलिमीटर. कागदावर किरकोळ वाटणाऱ्या या चढावर सहा डब्यांची गाडी ओढताना छोट्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. त्यामुळे मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावणं हे आमच्याकडेही शोभेचं काम राहिलं नाही. घाटाची कामं अजूनही येतात, पण गेली काही वर्षं वर्कशॉप चालतं ते रामेश्वरमच्या पुलावर.

ही मागणी गणेशोत्सव मंडळांकडून आली. पंचवटीच्या गावात रामेश्वरमचा देखावा हवा, हे ओघानंच आलं. शिवाय काशी-रामेश्वर यात्रा करून आलेलं माणूस बहुतेक घरांत सापडतं. नाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगाजल वाटेत गाढवाला पाजलं, ते कावडीचे दिवस. आता यात्रेकरू देवळाइतकंच पुलाबद्दल बोलतात. मंडळाचे कार्यकर्ते येतात आणि म्हणतात, “पूल उघडला पाहिजे, खालून बोट गेली पाहिजे, वरून गाडी गेली पाहिजे.” यावर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठल्या सालचा पूल?

प्रश्न उगाच नाही. रामेश्वरमचं बेट मुख्य भूमीला जोडणारा जुना पांबन पूल २४ फेब्रुवारी १९१४ ला खुला झाला तो मीटर गेजचा (दोन रुळांत एक मीटर अंतर), आणि रामेश्वरमच्या यात्रेकरूंपेक्षा सिलोनच्या वाहतुकीसाठी. त्याआधी मद्रासहून कोलंबोला जाणारा प्रवासी तुतिकोरिनला बोटीत बसायचा. पुलामुळे गाडी थेट बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीला जाऊ लागली. तिथून आगबोटीने सिलोनमधलं तलैमन्नार आणि पुढे पुन्हा रेल्वे. ‘बोट मेल’ ती हीच. पांबन हे जंक्शन होतं, एक फाटा रामेश्वरमला आणि एक धनुष्कोडीला. धनुष्कोडीत स्टेशन, धक्का, कस्टमची कचेरी, पोस्ट असा सगळा संसार होता. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाच्या लाटेने तो पुसला. पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या अलीकडेच शंभराहून जास्त माणसांसह समुद्रात गेली. पुलाचे १२६ गर्डर वाहून गेले, मधला उघडणारा भाग मात्र टिकला. रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडीचा फाटा कायमचा गेला. २००७ साली त्याच पुलावरून ब्रॉड गेजची गाडी धावू लागली, डिसेंबर २०२२ मध्ये ती थांबली आणि ६ एप्रिल २०२५ ला शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं.

म्हणजे धनुष्कोडीचं स्टेशन दाखवायचं तर इंजिन वाफेचं, रूळ मीटर गेजचा आणि समांतर रस्त्याचा पूल गायब. तो रस्ता १९८८ चा. देखाव्यात हल्लीचे एलएचबी डबे, मागे धनुष्कोडीचा गजबजलेला धक्का आणि बाजूला मोटारी असं सगळं एकत्र हवं असतं. आम्ही नाही म्हणतो. ऑर्डर गेली तरी चालते.

साल ठरलं की प्रमाण. पूर्ण पूल २,०६५ मीटरचा. १:८७ ला, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, केला तरी जवळजवळ २४ मीटर लांबी होते. एवढा मांडव कुणाकडे नसतो. त्यामुळे मधला उघडणारा भाग आणि दोन्ही बाजूंना चार-चार गाळे (दोन खांबांमधले भाग) एवढंच करतो. साधा गाळा ४० फुटांचा, म्हणजे मॉडेलमध्ये १४० मिलिमीटर. मीटर गेज या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर येतो आणि बाजारात १२ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. ब्रॉड गेजला मात्र १९.३ मिलिमीटर लागतात आणि तयार रूळ मिळतो साडेसोळाचा. त्यावर भारतीय डबा ठेवला की तो अरुंद पाटावर बसलेल्या जाड्या माणसासारखा दिसतो. ब्रॉड गेजचा रूळ म्हणून आम्ही स्वतः टाकतो. आणि पुलावर गिट्टी पसरायची नाही! जुन्या पुलावर स्लीपर थेट गर्डरवर बसलेले होते, मधून पाणी दिसायचं. गिट्टी पसरलेली मॉडेल्स आम्ही प्रदर्शनांत बरीच बघितली आहेत.

खरी गंमत उघडणाऱ्या भागात आहे. जुना पूल शेर्झर पद्धतीचा, दोन पाखांचा, म्हणजे मध्यावर दुभंगून दोन्ही बाजूंना वर जाणारा. बिजागरीवर उचलला जाणारा हा पूल नव्हे. प्रत्येक पाखाच्या मागच्या टोकाला मोठा गोलाकार खंड असतो, तो सपाट पट्टीवर चाकासारखा मागे लोळतो. पाख वर जाता जाता मागेही सरकतं, म्हणून जहाजाला जास्त मोकळी जागा मिळते. मॉडेल करणारे इथे बिजागरीची पिन ठोकतात. मग पाख नुसतं उभं राहतं, मागे सरकत नाही, आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते न कळता काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

आमच्या मॉडेलमध्ये गोल खंडाची त्रिज्या ६० मिलिमीटर. पाख ८० अंश उघडलं की ते ८४ मिलिमीटर मागे जातं. खंड घसरू नये म्हणून मूळ पद्धतीत पट्टीवर दात आणि खंडात खाचा असतात. आम्ही दीड मिलिमीटरच्या स्टीलच्या पिना लावतो. त्या वगळल्या तर शंभर-दोनशे फेऱ्यांत पाख तिरकं होतं आणि दोन्ही पाखांचे रूळ मध्यावर जुळत नाहीत.

चालवायला वर्तुळाच्या केंद्राला जोडलेला रॅक (दातेरी पट्टी) आणि त्याला ओढणारा २० दातांचा, एक मॉड्यूलचा (दाताचं माप) पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. मोटर १२ व्होल्टची, मिनिटाला तीन फेरे. पाख साधारण २७ सेकंदांत उघडतं. खऱ्या जुन्या पुलावर हे काम माणसं हाताने फिरवून करत. लहान मोटर पुरते, कारण तोल. पाखाचं वजन ३०० ग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून १२० मिलिमीटर पुढे. मग मागे ४५ मिलिमीटरवर ८०० ग्रॅम हवेत. शिशाचे छर्रे इपॉक्सीत बसवतो. पण नुसता आकडा जुळून भागत नाही. पाखाचा मध्य, वर्तुळाचं केंद्र आणि वजनाचा मध्य एका रेषेत आले पाहिजेत. वजन थोडं खाली बसलं तर पूल बंद असताना तोल बरोबर वाटतो आणि उघडताना मोटर कण्हायला लागते.

पाख पितळेचं, पाव-अर्धा मिलिमीटरच्या पत्र्यातून कापलेलं. कटिंग आणि गिअरचं काम वसाहतीतच होतं. गाड्यांचे सुटे भाग करणारी दुकानं असली बारीक कामं सहज करतात, फक्त नग दोनच आहेत म्हटल्यावर तोंड वाकडं करतात. डाग देताना (सोल्डरिंग करताना) एकाच बाजूने उष्णता दिली की पाख पिळतं. म्हणून ते जाड अॅल्युमिनियमच्या पट्टीला क्लॅम्प करून समोरासमोरचे सांधे आलटून पालटून भरायचे.

बेस १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) स्वस्त पडतं, पण नाशिकच्या पावसाळ्यात फुगतं आणि गणपती नेमके त्याच दिवसांत. रूळ आवळला की दोष उन्हाला दिला जातो. ३०० मिलिमीटर पितळ २० अंशांनी तापलं तरी जेमतेम दहावा हिस्सा मिलिमीटर वाढतं. कारण बहुधा दमट लाकूड असतं. खरं पाणी आम्ही कधीच भरत नाही. इपॉक्सीचे तीन-चार मिलिमीटरचे थर, एक पूर्ण वाळल्यावर दुसरा. एकदम जाड ओतलं की ते तापतं, पिवळं पडतं आणि तडकतं.

पूल उघडा असताना गाडी येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंच्या शेवटच्या ३०० मिलिमीटर रुळाची वीज मायक्रोस्विचवरून तोडलेली असते. वाऱ्याचा सिग्नलही देतो. जुन्या पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवत. आमच्याकडे छोट्या पंख्याने वारा मोजणारी वाटी फिरवली की सिग्नल लाल होतो. मुलांना पुलापेक्षा हेच जास्त आवडतं.

नव्या पुलाची मागणी आता वाढते आहे. त्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा सरळ १७ मीटर वर उचलला जातो. १:८७ ला गाळा ८३३ मिलिमीटर, उचल १९५. दिसायला सोपं, पण चारही कोपरे एकसारखे वर गेले पाहिजेत. दोन बाजूंना दोन मोटरी लावल्या की एक कोपरा दोन मिलिमीटर पुढे जातो आणि गाळा अडकतो. त्यामुळे मोटर एक, आडवा शाफ्ट एक आणि चारही दोऱ्या त्यावरच्या ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमांवर. दोन फेऱ्यांत काम होतं. दोरी मासेमारीची विणलेली. साधा नायलॉन ताणतो.

मांडवात सगळ्यात जास्त त्रास जनरेटरचा. वीज बदलली की पूल अर्धवट उघडा थांबतो. म्हणून कंट्रोलर सुरू होताना पूल आधी पूर्ण बंद करतो, मगच गाडीला वीज देतो. प्रत्येक मॉडेलबरोबर एक डबी जाते : दोन मायक्रोस्विच, एक मोटर, चार फ्यूज, दोरीचं बंडल, रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. धुपाचा आणि फटाक्यांचा धूर रुळावर बसतो, तेव्हा रोज आरतीनंतर रूळ पुसायचा. पॉलिश पेपर वापरायचा नाही.