तुम्ही विचारलंत म्हणून: टपावरचं सामान आणि १३ नंबरचा पाना

टपावर झोपायचा टेंट, बाजूला ऑनिंग (सावलीसाठी ओढून काढायचं कापडी छत), मागच्या दाराला जेरीकॅन आणि रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), असं सगळं बाहेरून लावलेली गाडी दिसली की बघणारे विचारतातच, आणि मला तर हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो: "हे सगळं असं उघड्यावर, चोरीला नाही का जात? कुलूप कुठलं लावता?"

कुलपाकडे येतो, पण त्याआधी एक करून बघा. तुमच्या टेंटचे ब्रॅकेट क्रॉसबारला, म्हणजे टपावरच्या आडव्या दांड्यांना, कशाने आवळलेत ते खाली वाकून बघा. बऱ्याच टेंटना एम८ चे (८ मिमी जाडीचे) बोल्ट येतात, म्हणजे १३ नंबरचा पाना, जो कुठल्याही साध्या पाना-सेटमध्ये असतो. ज्या पान्याने तुम्ही टेंट चढवला त्याच पान्याने तो उतरतो, आणि चढवायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात उतरतो कारण उतरवणाऱ्याला काही सरळ, समांतर बसवायचं नसतं. टेंटचं वजन साधारण ५० ते ८० किलो असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण दोन माणसं आणि एक टेम्पो असेल तर ८० किलो म्हणजे फार काही नाही. एकदा स्वतःच घड्याळ लावून एका बाजूचे नट काढून बघा. किती मिनिटं लागली हा आकडा कळला की पुढचा सगळा विचार आपोआप बदलतो, कारण आपल्याला करायचं काय आहे तर ती मिनिटं वाढवायची आहेत आणि त्या मिनिटांत आवाज होईल अशी सोय करायची आहे. बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन कोणी आलाच तर या वस्तूंवर लागणारं बहुतेक सगळं कापलं जातं, त्याच्यापुढे इलाज थोडा आहे. पण ग्राइंडरचा आवाज दूरवर ऐकू जातो आणि ठिणग्या उडतात, पाना मात्र काहीच आवाज करत नाही.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च नटांवर करावा. सिक्युरिटी नट मिळतात, ज्यांना त्यांचीच वेगळी चावी लागते आणि ज्यांच्यावर साधा पाना धरत नाही, काहींची बाहेरची रिंग नुसती गोल फिरत राहते. मधे पिन असलेले टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) बोल्ट पण सिक्युरिटी म्हणून विकतात, पण त्यांचे बिट साध्या बिट-सेटमध्ये येतात, त्यामुळे रिकामटेकड्या हाताला ते थांबवतील, तयारीने आलेल्याला नाही. सगळे नट बदलायची गरज नसते. प्रत्येक ब्रॅकेटला दोन बोल्ट असतील तर एक सिक्युरिटीचा आणि दुसरा आत नायलॉनची रिंग असलेला साधा नट ठेवा, म्हणजे खराब रस्त्यावर हादऱ्यांनी काही ढिलं झालंय का हे साध्या पान्याने पटकन तपासता येतं. हे तपासणं चोरीपेक्षा महत्त्वाचं आहे हो, चालत्या गाडीवरून टेंट सुटला तर मागच्याचा जीव जाईल. आणि स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट असेल तर आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा, नाहीतर आटे एकमेकांत असे जाम होतात की मग मालकालाच ग्राइंडर आणावा लागतो.

आता हे सगळं केलं आणि क्रॉसबारच तसाच राहिला, हे मी खूप गाड्यांवर बघतो. टेंट क्रॉसबारला पक्का, पण क्रॉसबार गाडीला कशाने धरलाय? एका प्लॅस्टिकच्या झाकणामागे एक बोल्ट, आणि त्या झाकणाला बोटाएवढं कुलूप, जे स्क्रूड्रायव्हरने उचकटता येतं. मग चोर टेंट काढतच नाही, क्रॉसबारसकट उचलतो. तसंच ज्या बारमध्ये लांब खाच असते आणि बोल्टचं डोकं त्या खाचेत सरकतं, तिथे टोकाचं रबरी बूच काढून अख्खी वस्तू बाजूने सरकवून काढता येते, म्हणून खाचेच्या टोकाला अडवणारा एक बोल्ट हवाच. गाडीपासून सुरू करून वस्तूपर्यंत प्रत्येक जोड हाताने चाचपा, सगळ्यात कच्चा जोड जिथे असेल तिथे पैसे घाला.

साखळी की वायर, हा पण ठरलेला प्रश्न. प्लॅस्टिक चढवलेली जाड वायर दिसायला भक्कम असते पण आत बारीक तारांचा पीळ असतो आणि हातातल्या केबल कटरने ती तुटते. कडक पोलादाची साखळी त्यापेक्षा कितीतरी बरी, फक्त ती खडखडते आणि रंग खरवडते म्हणून तिच्यावर जुना पाइप किंवा कापडी खोळ चढवा. साखळी टेंटच्या शिडीत किंवा कव्हरच्या पट्ट्यात अडकवू नका, फ्रेमला किंवा बेसच्या धातूच्या भागातून न्या. कुलूप घेताना ज्याची कडी कमीत कमी उघडी दिसते ते घ्या, कारण बोल्ट कटरच्या जबड्याला धरायला कडी लागते. युरोपियन मानक ईएन १२३२० प्रमाणे कुलपांना १ ते ६ ग्रेड असतात, ६ सगळ्यात भारी, पॅकेटवर ग्रेड लिहिलेली असेल तर जाडीच्या जाहिरातीपेक्षा ती बघा. चावीचं भोक खाली येईल असं लटकवा आणि आत तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते, ग्रॅफाइट किंवा कोरडं पीटीएफई (टेफ्लॉनचं वंगण) चालतं.

पण खरं सांगू का, टेंटपेक्षा जास्त जातं ते हलकंफुलकं सामान. रिकव्हरी बोर्ड, फावडं, जेरीकॅन, एका हाताने उचललं आणि चालू पडलं. यांच्या माउंटिंग पिनला बऱ्याचदा कुलपासाठी भोक दिलेलंच असतं आणि ते रिकामं असतं! इथे मी एकाच चावीने उघडणारी सगळी कुलपं वापरतो, तसे सेट मिळतात, कारण गाडी चिखलात रुतलीय, रात्र आहे, पाऊस आहे, आणि तुम्ही जुडग्यातल्या सात चाव्या एकेक करून बघताय, हे नको. जादा चावी गाडीच्या आत ठेवा, बाहेर चाकाच्या वर वगैरे लपवू नका, तिथे सगळेच बघतात.

लोकांना वाटतं धोका जंगलातल्या मुक्कामावर. मला जास्त काळजी असते ती दोन ट्रिपच्या मधल्या दिवसांची, जेव्हा गाडी आठवडेच्या आठवडे घराबाहेर एकाच जागी उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सावकाश बघता येतं काय कसं लावलंय ते. पुढच्या ट्रिपला अजून बरेच दिवस असतील तर टेंट उतरवून ठेवा, गॅरेजच्या छताला कप्पी लावून तो एकट्याने उतरवता येतो, शिवाय पेट्रोल-डिझेल वाचतं ते वेगळंच. उतरवणं जमत नसेल तर गाडी अशी लावा की ऑनिंगची बाजू भिंतीला चिकटेल. आणि ट्रेकला निघताना पार्किंगमध्ये डिकी उघडून फ्रीज, पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी), सगळ्यांसमोर रचत बसू नका, ते काम दोन-चार किलोमीटर आधीच कुठेतरी थांबून उरका.

ट्रॅकरबद्दल थोडक्यात. एअरटॅगसारखी चीज, म्हणजे आपली जागा फोनवर दाखवणारी छोटी चकती, टेंटच्या गादीत शिवून ठेवता येते, पण धातूच्या पेटीत ठेवली तर सिग्नल अडतो, आणि अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय अशी सूचना आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर येते, म्हणजे चोरालाही ती येऊ शकते. वस्तू कुठे गेली ते कळलं तर एकटे जाऊ नका, पोलिसांना लोकेशन द्या.

सिरियल नंबरचे आणि गाडीवर लावलेल्या स्थितीतले फोटो आजच काढा, बिलं त्याच फोल्डरमध्ये टाका. विमा कंपनीला लेखी विचारा की बाहेरून लावलेलं सामान गाडीच्या पॉलिसीत धरतात का, बोल्टने लावलेलं आणि नुसतं आत ठेवलेलं याला पुष्कळदा वेगळे नियम असतात.

आणि एक गोष्ट मी कुलूपबंद करत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी: अग्निशामक सिलिंडर. तो गेला तर नवीन आणेन. टेंटमध्ये माणसं झोपलेली असताना शेजारी स्टोव्हने पेट घेतला तर चावी शोधायला वेळ नसतो, म्हणून तो बाहेर, हाताला लागेल असा, नुसत्या ओढून सुटणाऱ्या पट्ट्याने बांधलेला असतो, आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाला, लहान मुलांनासुद्धा, मी गाडीतून उतरल्या उतरल्या तो कुठे आहे ते दाखवतो.