राधानगरी ते तिलारी: जोडलेल्या रानाचा नकाशा करताना

नकाशाला हात लावण्याआधीच आमचं वाजलं, ते प्रश्नावरून. रानाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या गटातल्या निम्म्या जणांना वाघाचा मार्ग काढायचा होता. त्यात गैर काही नव्हतं. राधानगरीत 2022 मध्ये कॅमेऱ्यात आलेला एक वाघ 2024 मध्ये थेट कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात टिपला गेला, म्हणजे वाट आहे हे वाघानेच दाखवून दिलं होतं. पण वाघाचं काय, तो रात्रीत ऊसही ओलांडून जाईल. आंबोलीच्या सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचा, अंगठ्याच्या पेराएवढा भेक कुठे जाणार? 2009 मध्ये विज्ञानाला माहीत झालेला हा प्राणी आंबोलीच्या आसपासच सापडतो. पाऊस आठवडाभर दडी मारून बसला की त्याची डबकी आटतात.

मग प्रश्न बदलला. राधानगरीपासून भुदरगड, आजरा, चंदगड, आंबोली, दोडामार्ग करत तिलारीपर्यंत सह्याद्रीचा जो पट्टा जातो, त्यात हवामान बिघडलं तरी जीवजातींना तग धरायला जागा देईल अशी जमीन कुठली आणि ती सलग आहे का, एवढंच शोधायचं ठरलं.

मी गडहिंग्लजची, राहते पुण्यात. पोटापाण्यासाठी जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं काम करते: पाण्याच्या लाइनी, मालमत्ता कर, असलं रुक्ष. त्यामुळे क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हातात बसलेलं होतं, रान तेवढं नव्हतं. गटात वनस्पतींचे जाणकार होते, बेडकांमागे रात्री फिरणारे होते. नकाशा माझ्याकडे आला.

पद्धत नव्याने शोधायची गरज नव्हती. अमेरिकेत द नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेच्या मार्क अँडरसन आणि चार्ल्स फेरी यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं होतं की 14 राज्यं आणि कॅनडाचे 3 प्रांत मिळून कुठे किती जीवजाती आहेत, हे चार गोष्टींवरून बऱ्यापैकी सांगता येतं: खडकांचे प्रकार, उंचीतला फरक, अक्षांश आणि चुनखडीचा खडक. प्राणी येतील-जातील, जमिनीची ठेवण तीच राहील, तर ठेवणच जपा, असा त्यांचा हिशेब. त्यावरून पुढे दोन गुण द्यायची रीत तयार झाली. एक गुण जमिनीच्या विविधतेला. म्हणजे एका ठिपक्याभोवतीच्या साधारण 40 हेक्टरांत उतार, घळ, माथा, ओलसर खोलगट जागा असे किती प्रकार आहेत. दुसरा गुण त्या ठिपक्यापासून आजूबाजूला किती बिनअडथळा सरकता येतं याला.

पहिला गुण सह्याद्रीत मोजणं सोपं, कारण कडा समोरच उभा आहे. सावंतवाडी समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर, आंबोली सातशेच्या आसपास. सहाशे मीटर चढलं की हवा साधारण चार अंशांनी थंड होते. सपाटीवर तेवढ्या गारव्यासाठी शेकडो किलोमीटर जावं लागेल, इथे घाट चढला की झालं. शिवाय आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस पूर्वेला आमच्या गडहिंग्लजपर्यंत येता येता हजारावर येतो. गोम एवढीच की माथ्यावर पोचलेल्याला आणखी वर चढायला डोंगर नाही. त्याला सरकायचं तर माथ्या-माथ्याने दक्षिणेला किंवा उत्तरेला. म्हणून सलगपणा महत्त्वाचा.

उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानाने 11 दिवसांत रडारने जगाचा बराच भाग मोजला, त्याचे 30 मीटरचे तुकडे कुणीही उतरवून घेऊ शकतो. दाट रानात त्यात झाडांच्या शेंड्यांची उंची थोडी मिसळते, तेवढं चालवून घ्यायचं. उपग्रहाची चित्रं सेंटिनेल-2 ची घेतली, डिसेंबर ते फेब्रुवारीमधली, कारण जून ते सप्टेंबर इथे ढगांशिवाय काही दिसत नाही. संगणकाचं काम म्हणाल तर दोन-तीन रात्री पंखा घरघरत राहिला आणि पहिला गुण तयार झाला. घाटाची कडा सगळीकडे गडद आली. अपेक्षितच होतं.

खरा घोळ सुरू झाला दुसऱ्या गुणापासून. सलगपणा मोजताना प्रत्येक प्रकारच्या जमिनीला अडथळ्याचा आकडा द्यावा लागतो. घनदाट रानाला 1, बाजारपेठेला 100, मधल्या सगळ्याला आपल्या अकलेप्रमाणे. मग सर्किटस्केपसारखं सॉफ्टवेअर त्या जमिनीतून विजेचा प्रवाह सोडल्यासारखं गणित करतं. ब्रॅड मॅक्रे या संशोधकाची ही कल्पना. प्रवाह जिथे चिंचोळा होऊन दाटतो, ती जागा तुटली की सगळं तुटलं. गणित निर्दोष आहे. आकडे कोण देतो, त्यावर सगळा खेळ.

आणि आकडे द्यायच्या आधी जमीन ओळखायला हवी. तयार मिळणाऱ्या जागतिक नकाशांत ‘वृक्षाच्छादन’ या एका रंगात सदाहरित रान, काजूची बाग आणि रबर सगळं बसतं. आपल्या सरकारी वन सर्वेक्षणाची व्याख्याही तशीच: एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेली कुठलीही जागा वनाच्छादन, मालक कुणीही असो, झाड कुठलंही असो. त्या हिशेबाने दोडामार्ग तालुका हिरवागार. प्रिंट घेऊन तिलारी खोऱ्यातल्या एका गावात गेलो, तर एका आजोबांनी चष्मा सरकवत कागदावर बोट ठेवलं.

“बाये, हिरवा दिसता म्हणान ह्येका रान म्हणतंस? ह्यां रबर.”

“आणि हे, आजोबा?”

“ह्यां पण रबर. हयसून गवे जाणत नाय, थयसून जातत.” थयसून म्हणजे काजूच्या बागेतून. माझ्या तक्त्यात काजू आणि रबर एकाच ओळीत होते.

त्या दुपारी त्यांच्याकडून जे कळलं ते कुठल्या चित्रात दिसलं नसतं. रबराची रोपं लहान असतात तेव्हा पहिली तीन-चार वर्षं मधल्या पट्ट्यांत अननस लावतात. अननस आहे तोवर झटका कुंपण असतं, कारण जनावर आत शिरलं तर पीक गेलं. रबर मोठं झालं की अननस जातो, बरेचदा कुंपणही जातं, पण खाली झुडूप ठेवत नाहीत, त्यामुळे लपायला जागा नसते. भेकर दिवसा तिथे फिरकत नाही. काजूखाली मात्र वर्षातले बरेच महिने गवत-झुडपं असतात आणि काढणी संपली की माणूसही क्वचित येतो. म्हणजे एकाच बागेचा अडथळा तिच्या वयाप्रमाणे बदलतो. आम्ही रबराचे तीन वेगळे आकडे केले आणि जुन्या-नव्या चित्रांची तुलना करून बागांची वयं लावली. किचकट काम, पण यानंतर नकाशाचं तोंडच बदललं. तिलारीच्या खालच्या अंगाला जो रुंद हिरवा पट्टा दिसत होता, तो काही चिंचोळ्या वाटांवर आला.

सड्याचं उलटं झालं. चौकुळचा, आंबोलीचा सडा फेब्रुवारीच्या चित्रात करपलेला, काळपट दिसतो. नकाशे त्याला ‘उघडी जमीन’ म्हणतात, सरकारचा ॲटलास पडीक म्हणतो, सातबाऱ्यावर पोटखराबा. त्यात आमच्या पद्धतीनेही त्याला मारलं, कारण सडा सपाट, आणि सपाट जमिनीला विविधतेचा गुण कमी. अमेरिकेच्या पद्धतीची ही मर्यादा मला तिथल्या कुठल्याच वाचनात इतकी ठळक दिसली नव्हती. 30 मीटरच्या तुकड्यात जे सपाट, ते गुडघे टेकून पाहिलं की अजिबात सपाट नसतं. जुलैत आंबोलीच्या सड्यावर बसून एक वीतभर जांभा पाहा. एका खळग्यात पाणी, त्यात भेकाची पिल्लं वळवळतायत. शेजारच्या भेगेत चिमूटभर माती, तिच्यावर सीतेची आसवं निळी-जांभळी डुलतायत. चार बोटं वर कोरडा दगड, त्यावर दगडफूल. वीतभरात तीन वेगळी हवामानं. एवढं बारीक कुठलाही उपग्रह फुकटात देत नाही. शेवटी सगळे सडे गुगल अर्थवर हाताने गिरवले आणि त्यांचा वेगळा थर केला. झऱ्यांचाही तसाच. हिरण्यकेशीच्या उगमाशी 2020 मध्ये एका माशाची नवी जात सापडली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तिथलं कुंड 30 मीटरच्या एका ठिपक्यात गडप होतं.

सरकारी नकाशांसाठी मारलेल्या फेऱ्यांवर फार लिहीत नाही. एका कार्यालयाने झेरॉक्सची झेरॉक्स दिली, तिच्यावर सर्व्हे नंबर वाचता येत नव्हते. दुसरीकडे साहेब रजेवर. ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी नाही त्यांना पटणार नाही.

मालकीचा थर मात्र टाकायलाच हवा होता आणि तो टाकल्यावर नकाशा बोलायला लागला. 2020-21 मध्ये या पट्ट्यात बरीच संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली: तिलारी 29.53 चौरस किलोमीटर, आंबोली-दोडामार्ग 56.92, शिवाय आजरा-भुदरगड आणि चंदगड. काम चांगलंच झालं. पण वन्यजीव कायद्याच्या कलम 36-अ खाली फक्त सरकारी जमीन राखीव करता येते, आणि सिंधुदुर्गातलं रान मोठ्या प्रमाणात मालकीचं. आमच्या नकाशात प्रवाह दाटलेल्या ज्या जागा आल्या, त्यातल्या बहुतेक दोन राखीव तुकड्यांच्या मधल्या, खाजगी. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत तर कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांकडे सामाईक असलेल्या जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळलेला, तिथे मालक कोण इथपासून सुरुवात. खाजगी जमिनीसाठी कलम 36-क आहे, समुदाय राखीव क्षेत्राचं, पण त्यात मालकाने स्वतः पुढे यायला हवं. आणि बागेचा भाव माहीत असलेला मालक का पुढे येईल, हा प्रश्न संवर्धनवाले फार लवकर गुंडाळतात.

गावात नकाशा उलगडला की पहिला प्रश्न ठरलेला: “ह्यात आलं म्हणजे जमीन गेली काय?” पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा 2011 चा अहवाल आणि कस्तुरीरंगन यांचा 2013 चा, दोन्हींवरून इतकी वर्षं जे काहूर उठलं आहे, त्यानंतर हा प्रश्न रास्तच. गाडगीळ समितीने साधारण नऊ किलोमीटरच्या चौकटी वापरल्या होत्या; तेवढ्या चौकटीत रान, वाडी, बाजार सगळं एकत्र येतं. आमच्या नकाशात उलट अडचण होती, तो इतका बारीक होता की कुणाची बाग कुठल्या रंगात आली ते स्पष्ट दिसत होतं. जमिनीचे दलालही नकाशे वाचतात. त्यामुळे दोन आवृत्त्या केल्या. सगळ्यांसाठीची एक किलोमीटरच्या चौकटींत, आणि गट नंबरची फक्त त्या-त्या ग्रामसभेला. गटातल्या एकाला हे लपवाछपवी वाटलं आणि तो अजूनही नाराज आहे. मला निर्णय बरोबर वाटतो.

सध्या दोन कामं चालू आहेत. एका घाटरस्त्याच्या रुंदीकरणात येणारी मोरी आमच्या सगळ्यात दाटलेल्या जागेवर पडते. तिच्या तोंडाशी चिखलात भेकराचे खूर आणि साळिंदराचे काटे मिळाले. ती बुजवण्याऐवजी मोठी करा, दोन्ही तोंडांना झाडं ठेवा असा अर्ज फोटोंसह दिला आहे. त्यावर आम्हालाच वाहतूक किती, प्राणी किती, असं लेखी विचारलं आहे, ती मोजणी पावसाळ्यानंतर होईल. दुसरं काम कर्नाटकाच्या बाजूचं. तिलारीच्या पलीकडे भीमगड आणि गोव्याचं म्हादई ही अभयारण्यं जोडल्याशिवाय काळीपर्यंतची ओळ पुरी होत नाही. तिकडचे गावनकाशे कन्नडमध्ये आहेत आणि गटातली बेळगावची मैत्रीण ते वाचून मला मराठीत नावं लिहून देते आहे. निम्मी गावं झाली आहेत.