तुम्ही विचारलंत म्हणून : दोघांचं फाइन डायनिंग, दुपारचं आणि खिशाला झेपणारं

"मैत्रिणीला घेऊन एकदा झकास फाइन डायनिंग रेस्टॉरंटमध्ये जेवायचंय, पण बिल बघून घाम फुटायला नको. काय करू?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. उत्तर दोन शब्दांत मावतं : दुपारी जा. मात्र दुपारी जाऊनही लोक रात्रीएवढं बिल करून येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुपारचं स्वस्त म्हणजे दुय्यम, हा समज आधी काढून टाका. टेबलं भरली काय नि रिकामी राहिली काय, भाडं आणि पगार चुकत नाहीत. सॉसला लागणारा स्टॉक, म्हणजे हाडं-भाज्यांचा अर्क, सकाळपासून उकळतच असतो, ब्रेडही भाजला जातोच. रात्रीची टेबलं भरायला फार खटपट लागत नाही. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी मात्र गिऱ्हाइकाची वाट बघावी लागते. म्हणून त्याच स्वयंपाकघरातलं जेवण सेट मेन्यू करून कमी दरात देणं परवडतं. सेट मेन्यू म्हणजे ठरलेल्या किमतीत दोन किंवा तीन कोर्स, म्हणजे एकामागून एक येणारी ताटं, आणि प्रत्येकात दोन-तीनच पर्याय. पर्याय मोजके असले की माल किती लागेल याचा अंदाज चुकत नाही आणि फेकाफेक कमी होते. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा तिथल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांनी सालाचा आकडाच किंमत म्हणून लावला : दुपारचं जेवण १९.९२ डॉलरला. पुढे जगभर पसरलेला 'रेस्टॉरंट वीक', म्हणजे ठरलेल्या सवलतीच्या दरात जेवण देण्याचा आठवडा, तिथूनच सुरू झाला. पण तुम्हाला निवड असेल तर त्या गर्दीच्या आठवड्यात जाऊ नका. साधा मंगळवार-बुधवार बरा. तेव्हा वेटरला तुमच्याशी बोलायला फुरसत असते.

हा दर टिकवण्यासाठी काटकसर होते ती मालात, मेहनतीत नाही. महागडे, कमी वेळात शिजणारे मांसाचे तुकडे रात्रीसाठी राखले जातात. दुपारी खांद्याचं किंवा गालाचं मांस, कंदमुळं, डाळी, साधे मासे येतात. यांना चव आणायला तासन्‌तास मंद आच लागते, म्हणजेच शेफचं खरं कसब लागतं. तेव्हा सेट मेन्यूतून मागवताना माझा नियम सोपा आहे : जे घरी करायला दोन दिवस लागतील ते मागवा. मंद शिजवलेलं मांस, गाळून आटवलेला सॉस, पदर सुटलेली पेस्ट्री, नीट जमलेलं सूफ्ले (फेटलेल्या अंड्यांनी फुगवलेला हलका पदार्थ). ग्रिल केलेला तुकडा आणि बाजूला हिरवी पानं हे कितीही देखणं दिसलं तरी त्यात तुमच्या पैशाला मोबदला कमी. आणि एखाद्या पदार्थापुढे बारीक अक्षरात अधिकचा आकडा असेल, तर तो ठरलेल्या किमतीवर वेगळा लागणार आहे. दोघींनी असा एकेक घेतला की सेट मेन्यूचा फायदा तिथेच संपला.

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारायच्या. दुपारचा सेट मेन्यू त्या दिवशी आहे का? शनिवार-रविवारी आणि सणासुदीला तो बऱ्याचदा नसतो. दरात कर आणि सर्व्हिस चार्ज धरलाय का? आणि स्वयंपाकघर शेवटची ऑर्डर किती वाजता घेतं? ही वेळ नि दार बंद व्हायची वेळ एक नसते. शेवटची ऑर्डर अडीचला असताना सव्वादोनला पोहोचलात, तर तिन्ही कोर्स एकदम सांगावे लागतात, पुढचं ताट मागच्याच्या पाठोपाठ येतं आणि आसपास टेबलं आवरायला सुरुवात झालेली असते. दार उघडल्यापासून पाऊण तासाच्या आत बसा. तीन कोर्सना साधारण दीड ते दोन तास धरा. ॲलर्जी किंवा पथ्य असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. टेबलावर बसून सांगितलंत तर बिचारा शेफ करू शकेल ते एवढंच, की तुमच्या पदार्थातला सॉस काढून टाकेल.

मिशलिन गाइडवरून, म्हणजे रेस्टॉरंटांना स्टार देणाऱ्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेवरून, शोधत असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. १९९७ पासून त्यात 'बिब गूर्मां' अशी एक खूण असते. ती वाजवी दरात चांगलं जेवण देणाऱ्या जागांसाठी आहे. तिथे जेवण उत्तम मिळेल, पण शुभ्र टेबलक्लॉथ आणि अदबीचा सगळा सरंजाम असेलच असं नाही. तो हवा असेल तर स्टार मिळालेल्या जागांचा दुपारचा मेन्यू तपासा.

आता टेबलावर. काही ठिकाणी सेट मेन्यूचं कार्ड आपणहून पुढे येत नाही. सरळ मागायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बिल फुगतं ते जेवणाने नव्हे, कडेकडेच्या गोष्टींनी. पहिलं पाणी. "साधं की स्पार्कलिंग (बुडबुड्यांचं)?" असं विचारतात तेव्हा दोन्ही बहुधा विकतच्या बाटल्या असतात; नळाचं पाणी पिण्याजोगं आहे अशा ठिकाणी तेच मागा. दुसरं, बसल्या बसल्या विचारलं जाणारं ड्रिंक. तिसरं, वेटर तोंडी सांगतो ते 'आजचे खास', ज्यात किंमत कधीच ऐकू येत नाही. ती विचारा. वाईनच्या ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. भर दुपारी दोघींना ते जास्तच. मेन कोर्सबरोबर एकेक ग्लास पुरतो, किंवा ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळते का बघा. कॉफी मेन्यूत धरलेली नसेल तर ती बाहेर जाऊन प्या.

दोघंच असण्याचा फायदा इथे आहे : दोघींनी कोर्स सारख्याच संख्येने घ्यायचे, पदार्थ मात्र प्रत्येक कोर्सला वेगवेगळे. म्हणजे तीन कोर्सच्या एका जेवणात सहा पदार्थ चाखून होतात. एकीने दोन कोर्स आणि दुसरीने तीन घेतले, की एक जण रिकाम्या जागेसमोर बसून दुसरीचं खाणं बघत राहते. टेबलावरून ताटं ओलांडून देऊ नका. सॉस सांडतो आणि मांडणी विस्कटते. ऑर्डर देतानाच "आम्ही वाटून खाणार आहोत" असं सांगा. काही स्वयंपाकघरं दोन ताटांत लावून पाठवतात, नाहीतर जादा प्लेट मिळते. तेही नसेल तर डाव्या हाताच्या छोट्या ब्रेडच्या ताटलीत घास काढून द्या, आणि काढताना पदार्थाचे सगळे थर घ्या. नुसता वरचा कुरकुरीत भाग दिलात तर मैत्रिणीला तो पदार्थ कळणारच नाही. टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेल्या अनेक छोट्या कोर्सचं जेवण, मात्र एकीनेच घेता येत नाही. बहुतेक जागी तो अख्ख्या टेबलासाठी असतो.

पहिला ब्रेड संपवू नका. भुकेच्या भरात तो लोण्याबरोबर फस्त होतो आणि मेन कोर्सला पोट भरलेलं असतं. अर्धा ठेवा, शेवटी सॉस पुसायला. आटवलेल्या सॉसवर गार होताना साय धरते आणि तो ताटाला चिकटतो, म्हणून फोटो एकच, लगेच, आणि मग जेवा.

काटे-चमच्यांची धास्ती घेऊ नका. बाहेरून आत वापरत जायचं, बस्स. सुरी-काटा शेजारी शेजारी समांतर ठेवलात की "झालं" असा त्याचा अर्थ घेतला जातो. दोघींची ताटं उचलल्याशिवाय पुढचा कोर्स निघत नाही, तेव्हा गप्पांत एकीचं ताट अर्धा तास तसंच राहिलं तर उशीर स्वयंपाकघराचा नसतो.

बिल आलं की सर्व्हिस चार्जची ओळ आधी बघा. तो लावलेला असेल तर वर टीप देण्याची सक्ती नाही. बुकिंगच्या वेळी आगाऊ रक्कम भरली असेल तर ती वजा झालीय का हेही त्याच वेळी, उठण्याआधी तपासा.