मांडवा ते रत्नागिरी, एकटीने

रेवसपासून रेडीपर्यंतचा कोकण किनाऱ्याचा रस्ता, सागरी मार्ग, नकाशावर सलग दिसतो. सायकलवर बसलं की कळतं, तो सलग नाहीच. दर थोड्या अंतरावर समुद्राला मिळायला निघालेली एखादी नदी आडवी येते. कुंडलिकेवर पूल आहे, पण बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री ओलांडायची तर फेरीबोटीची वाट बघावी लागते. आणि खाडी आली की उतार आणि चढही आलाच. कातळाच्या सड्यावरून, म्हणजे पठारावरून, रस्ता थेट पाण्यापर्यंत खाली येतो, पलीकडे उतरलं की पुन्हा सड्यावर चढतो. घाईच्या माणसाने इथे सायकल आणू नये.

मला घाई नसते. मी चाळिशीला आले आहे, लग्न केलेलं नाही, संध्याकाळी सातच्या आत घरी पोचलंच पाहिजे असं मला कुणी सांगत नाही. एकट्या बाईबद्दल लोक बोलतात ते बहुतेक काळजीच्या सुरात. म्हातारपणी कोण, आजारपणात कोण. ते प्रश्न खोटे नाहीत, पण दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. ती मला सांगायची आहे, आणि त्यासाठी मांडवा ते रत्नागिरी या रस्त्याइतकी चांगली जागा नाही.

रजा मंजूर झाली त्याच रात्री सामान भरलं. मागच्या रॅकला दोन पॅनियर (बाजूला अडकवायच्या पिशव्या), दोन ट्यूब, पॅचचं पाकीट, पंप, चेनचं तेल, कपड्यांचे दोन जोड. ताईला फोन केला, रोज संध्याकाळी लोकेशन पाठवते म्हणाले. झाली तयारी. पहाटे अंधारात ठाण्याहून निघाले आणि भाऊच्या धक्क्यावर गाड्याही नेणारी रो-रो बोट पकडली. मार्च २०२० पासून ही बोट सुरू झाली आणि मुंबई-ठाण्याच्या सायकलवाल्यांना कोकणाचं दार उघडलं. साधारण तासाभरात मांडवा. हायवेची धूळ नाही, ट्रकचा धूर नाही.

माझ्या सायकल ग्रुपमध्ये एके काळी आम्ही बायका बऱ्याच होतो. ठाण्याजवळच्या येऊरचा चढ माझ्या आधी संपवणाऱ्या मैत्रिणी होत्या. एकेकीचं लग्न झालं, मग मूल, मग शाळेची व्हॅन आणि पहाटेचे डबे. रविवारी पाचला घराबाहेर पडायचं तर आदल्या रात्रीपासून सगळ्यांची सोय लावायची, आणि परत आल्यावर दमले म्हणायची सोय नाही. नवऱ्यांची सायकल मात्र सुरू राहिली, कारण त्यांचा डबा कुणीतरी दुसरं भरत होतं. त्या मैत्रिणींच्या सायकली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत, टायर बसलेले, चेन गंजलेल्या. त्यांच्या संसाराबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यातल्या काही जणी फार सुखात आहेत. पण त्या सायकली दिसल्या की मला वाईट वाटतं. घरात वेळ कमी पडायला लागला की सगळ्यात आधी बाईची सायकल जाते.

मला तो वेळ मिळतो आणि मी तो पूर्ण वापरते. पैशाचंही तसंच. स्टीलच्या फ्रेमची टूरिंग सायकल घेतली तेव्हा ऑफिसमधला एक जण म्हणाला, एवढ्यात जुनी स्कूटर आली असती. आली असती, पण मला सायकल हवी होती. मागे ३६ दात्यांचं मोठं चक्र बसवून घेतलं, कारण लादलेली सायकल कोकणातल्या चढांवर रेटायची तर हलका गिअर पाहिजे. हा खर्च मला कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

पहिल्या दिवशी रेवदंड्याच्या अलीकडे ऊन उतरलं. रस्त्यालगतच्या वाडीत सात-आठ जण मडक्याभोवती बसले होते. पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात शेंगा-चिकन शिजवायची, तयारी चालली होती. मी सायकल उभी करून नुसती बघत होते, तर त्यांच्यातल्या आजी म्हणाल्या, "एकटीच काय गो? ये मग, बस. एका माणसाला काय लागतंय." चौघं असतो तर आम्हाला कुणी बोलावलं नसतं आणि आम्हीही थांबलो नसतो.

मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, बटाटे, अंडी, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबलेला. पाण्याचा थेंबही नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. मडकं जमिनीवर पालथं घातलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवल्या. आजींचा मुलगा अधूनमधून मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. शिंतोडे चर्रकन उडायला लागले तसा म्हणाला, झाली. पाला काढल्यावर जो वास आला तो अजून नाकात आहे. रात्री त्यांनीच शेजारच्या काकूंकडे माझी झोपायची सोय लावली. मी ताईला लोकेशन पाठवलं आणि नऊ वाजता गाढ झोपले.

पुढचा दिवस भराभर गेला. साळावचा पूल, काशीदची सुरूची झाडं, मुरूड, आगरदांड्याहून दिघीला फेरी, मुक्काम दिवेआगर. शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता अगदी समुद्राच्या कडेने जातो. त्याचं वर्णन लिहिण्यापेक्षा तुम्ही जा आणि सकाळी जा. हरिहरेश्वरहून बागमांडला, आणि फेरीने सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू.

केळशीत मात्र थांबायचं नव्हतं आणि थांबले. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून एसटी आली की सायकल उचलून दगडी गडग्याच्या कुंपणाला टेकवावी लागते. जेवायला एका घरगुती खाणावळीत गेले. मी एकटीच गिऱ्हाईक, तेव्हा काकू म्हणाल्या, बाहेर कशाला बसतेस, आतच ये. घावणे घालत होत्या. पातळ पीठ वाटीने कडेकडेने सोडायचं आणि झाकण ठेवायचं. बिडाच्या तव्यावर जाळी पडलेली दिसली की काढायचं. उलटायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. नारळाचं दूध आणि गूळ बाजूला.

"लग्न?" अपेक्षित प्रश्न आला.

"नाही केलं काकू."

"घरचे काही बोलत नाहीत?"

"बोलायचे. आता नाही बोलत."

त्यांनी आणखी एक घावन माझ्या पानात वाढलं. मग म्हणाल्या, "मला यायची हो सायकल. माहेरी होती. शाळेत जायचे मी तिच्यावरून, तीन-चार मुलींत मीच पुढे. लग्नात इकडे आणली नाही. धाकट्या भावाने नेली." जेवण झाल्यावर त्या अंगणात आल्या, हँडल धरून सायकल थोडी पुढेमागे केली, ब्रेक दाबून बघितला, गिअर कशाने बदलतात ते विचारलं. मी मागचं चाक उचलून पेडल फिरवलं आणि एकेक गिअर टाकून दाखवला. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर जाताना त्या खाली वाकून बघत राहिल्या. त्या दिवशी मी पुढे गेले नाही. कुणाला कळवायचं नव्हतं, कुणाचं बुकिंग वाया जाणार नव्हतं. संध्याकाळी वाळूच्या टेकडीच्या बाजूला फिरून आले, चेन कापडाने पुसून तेल घातलं. खाऱ्या हवेत आणि तांबड्या धुळीत हे रोज करावंच लागतं, नाहीतर चढावर चेन कुरकुरते.

केळशीहून आडे, पाडले, आंजर्ले हा टप्पा माझा सगळ्यात लाडका. हर्णै, कर्दे, लाडघर, कोळथरे करत दाभोळला पोचले तेव्हा फेरी नुकतीच सुटली होती. पुढची येईपर्यंत बंदराजवळची जुनी मशीद बघून आले. घुमटाखाली गार सावली होती. बहामनी आणि आदिलशाही काळात इथून जहाजं अरबस्तानापर्यंत जायची. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे गाव लुटून जाळलं. आज धक्क्यावर फेरीची तिकीट खिडकी, दोन टपऱ्या आणि सुकत घातलेली जाळी.

फेरीत पुण्याचं एक जोडपं भेटलं, दोघंही सायकलवर. मोकळी, गप्पिष्ट माणसं. पलीकडे धोपाव्याला उतरल्या उतरल्या खडा चढ लागतो. तो पुढे जाऊन वळणावर थांबायचा, अजिबात कुरकुर न करता. ती पोचली की म्हणायची, "सॉरी, माझ्यामुळे." पुढच्या वळणावर परत सॉरी. मी तिच्यापेक्षाही हळू चढत होते. तीनदा उतरून सायकल ढकलली, एका काजूच्या सावलीत बसून अख्खी चिक्की खाल्ली. मला कुणाला सॉरी म्हणायचं नव्हतं. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं हे दिसत होतं, तो तिला एका शब्दाने बोलला नाही, तरी तिच्या डोक्यात तो थांबलेला होता. माझ्या डोक्यात फक्त चढ होता. वर सड्यावर आल्यावर तिने मला विचारलं, एकटीला भीती नाही वाटत? वाटते, म्हटलं. अंधार पडायच्या आत मी मुक्कामाला असते, शक्यतो बाई चालवते तिथेच राहते, आणि एखादी जागा बरी वाटली नाही तर पुढे निघते. निघायला कुणाचं मन वळवावं लागत नाही, हेही त्यातच आलं.

एक गोष्ट खरंच त्रासाची आहे. पर्यटकांच्या एका गजबजलेल्या गावात लॉजवाल्याने रजिस्टर मिटून विचारलं, "मागून कोण येणार आहे का?" कोणी नाही म्हटल्यावर खोली नाही म्हणाला. चाव्या समोर लटकत होत्या. अशा वेळी राग येतो आणि दमलेल्या पायांना तो परवडत नाही. शिवाय खोलीचं भाडं दोघांचं धरलेलं असतं, ते एकटीने भरायचं. घरगुती मुक्कामात माणशी पैसे घेतात, जेवण धरून, म्हणून मी तिकडेच जाते.

गुहागरच्या सुपारीच्या बागांत एक रात्र काढून हेदवीला आले. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद, खोल चीर आहे, बामणघळ. ओहोटीला तिथे काहीच नसतं, बघून माणसं पाच मिनिटांत गाडीत बसतात. मी पोचले तेव्हाही काही नव्हतं. देवळाशी बसलेल्या मामांना विचारलं तर म्हणाले, भरती दुपारनंतर, थांबायला हवं. थांबले. डबा खाल्ला, टोपी तोंडावर घेऊन झोपले, उठून ढिल्या झालेल्या रॅकचे बोल्ट आवळले. हळूहळू चिरेत पाणी आत-बाहेर करायला लागलं. आधी नुसता घशातल्यासारखा आवाज. मग एक मोठी लाट आत शिरली, आतली हवा दबली आणि पाण्याचा खांब सरळ वर उडाला. तुषार माझ्या चष्म्यावर. पुढच्या तीन लाटांना काही नाही, चौथीला परत. कुठल्या लाटेला उडेल ते ओळखायचा प्रयत्न मी ऊन कलेपर्यंत करत होते. तोवर दोन-तीन कुटुंबं येऊन गेली. एका शाळकरी मुलीला थांबायचं होतं, पण तिचे बाबा गाडी सुरू करून बसले होते.

तवसाळची फेरी त्या दिवशी मिळणार नव्हती, म्हणून हेदवीतच राहिले. दुसऱ्या दिवशी शास्त्री ओलांडून जयगड. मालगुंडला केशवसुतांच्या घराशी थोडा वेळ बसले. १८६६ साली इथे जन्मलेला तो माणूस पुढे मास्तरकीच्या नोकऱ्यांपायी गावोगाव फिरला. गणपतीपुळ्याला दर्शन घेतलं आणि आरे-वारेच्या चढावर उभी राहून दोन्ही किनारे एका नजरेत घेतले. तिथून पुढे रत्नागिरी.

परतीचं तिकीट रत्नागिरीहून होतं. कोकण रेल्वेने सायकल न्यायची तर पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, चढवावी लागते. पॅनियर आणि पंप काढून स्वतःजवळ ठेवायचे, हँडल वळवून बांधायचं, सायकलवर नाव आणि स्टेशन लिहिलेलं लेबल दोन ठिकाणी लावायचं, आणि गाडीच्या बरंच आधी पोचायचं. स्टेशन शहरापासून लांब, वर चढून आहे, तो वेळही धरा.

मी स्टेशनला गेलेच नाही. रजा अजून शिल्लक होती, पाय ठणठणीत होते. टपरीवर चहा घेता घेता तिकीट रद्द केलं आणि ताईला मेसेज टाकला: पुढे विजयदुर्गपर्यंत जाते. तिचं उत्तर आलं, "पाणी भरून घे." भाट्याच्या पुलावरून पावसकडे वळले. पूर्णगडच्या खाडीवर पूल आहे, त्यामुळे अंधाराच्या आत गावखडी गाठता येणार होतं.